करमणुकीचा भार

करमणूक सर्वांस सारखीच सुखकारक असते, असा एक समज आपल्यांत फार दृढ आहे. जत्रा दिसली कीं मूल हरखलें पाहिजे, बँड वाजला कीं त्यानें टाळ्या पिटल्या पाहिजेत, पाळणा वर गेला कीं त्यानें आनंदानें ओरडलें पाहिजे. ज्या मुलाचें यांपैकीं कांहींच होत नाहीं, उलट जें दोन्ही कानांवर हात दाबून भर रस्त्यांत बसकण मारतें, त्याच्याविषयीं आसपासचीं चार प्रौढ माणसें क्षणार्धांत निकाल देऊन मोकळीं होतात. मूल हट्टी आहे, लाडावलेलें आहे, आईबापांस वळण लावतां आलें नाहीं, हीं त्या निकालांतील ठराविक कलमें होत. पस्तीस वर्षें वर्गांत उभें राहून आम्ही एवढें शिकलों कीं, मुलाच्या वर्तनाचा अर्थ लावण्यापूर्वीं त्याच्या कानाडोळ्यांची चौकशी करावी. मागच्या बाकावरील 'मठ्ठ' मुलास मुळांत फळाच दिसत नव्हता, असें कितीदां तरी आढळून येतें.

ज्यास दिसत नाहीं किंवा ऐकूं येत नाहीं, त्याची अडचण लोकांस चटकन् कळते. परंतु ज्यास फार ऐकूं येतें, फार दिसतें, अंगास लागलेला सदऱ्याचा शिवणीचा दोरादेखील ज्यास असह्य होतो, त्याची अडचण कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. प्रस्तुत लेख अशा मुलांविषयीं आहे. आणि विशेषेंकरून, ज्यांस हल्लीं थीम पार्क म्हणतात त्या गजबजलेल्या क्रीडोद्यानांत त्यांना न्यावें कीं न न्यावें, आणि न्यावयाचें तर कसें न्यावें, एवढ्यापुरता तो मर्यादित आहे.

या विषयाशीं आमचा संबंध घरचाच आहे. आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त अमेरिकेंतील न्यू जर्सी संस्थानांत राहतात, आणि सेवानिवृत्तीनंतर आम्ही व आमचें कुटुंब उन्हाळ्याचे कांहीं महिने त्यांच्याकडे घालवितों. त्यांना दोन अपत्यें. थोरली नात पंधरा वर्षांची, धाकटा नातू नऊ वर्षांचा. त्याच्या तिसऱ्या वर्षीं डॉक्टरांनीं त्यास ऑटिझम, म्हणजे मराठींत ज्यास आपण स्वमग्नता म्हणतों ती अवस्था, असल्याचें सांगितलें. बोलणें थोडें, परंतु सत्तावीसपर्यंतचे पाढे बिनचूक म्हणतो. आम्हीं सहज म्हणून दाखविलेलीं 'राम' शब्दाचीं संबोधनासह चोवीस रूपें त्यानें चार दिवसांत उचललीं, आणि ज्या चालीवर उचललीं ती चाल सोडून दुसऱ्या चालीवर म्हटलेलीं त्यास खपत नाहींत. असा हा मुलगा स्वयंपाकघरांत मिक्सर सुरू झाला कीं घराच्या दुसऱ्या टोकाच्या कपाटांत जाऊन बसतो.

आतां अशा मुलास थीम पार्कांत नेणें म्हणजे काय, याचा विचार करावा. वॉल्ट डिस्ने यांनीं १९५५ सालीं कॅलिफोर्नियांत डिस्नेलँड उघडलें, १९७१ सालीं फ्लॉरिडांत त्याहून कितीतरी विस्तीर्ण असें दुसरें उद्यान निघालें, आणि तेव्हांपासून हा प्रकार जगभर पसरला. आपल्याकडे मुंबईजवळ गोराई येथें १९८९ सालीं निघालेलें एस्सेलवर्ल्ड २०२२ सालीं बंद होईपर्यंत मुलांच्या दोन पिढ्यांस परिचित होतें. खोपोलीजवळचें इमॅजिका २०१३ पासून चालू आहे. या जागांची रचनाच अशी असते कीं, कोणत्याहि क्षणीं एकाहून अधिक इंद्रियांस आवाहन व्हावें. एका बाजूस वाद्यें, दुसऱ्या बाजूस ध्वनिक्षेपक, वरून धडधडत जाणारी गाडी व तींतील लोकांच्या किंकाळ्या. लुकलुकते दिवे, तळणाचा वास, अंगावर उडणारे पाण्याचे तुषार, ऊन, धक्काबुक्की, आणि या सर्वांत तासतासभर रांगेंत उभें राहणें. आपण यास मौज म्हणतों. कारण नको असेल तें न ऐकण्याची व न पाहण्याची विद्या आपणांस जन्मतःच अवगत असते.

ती विद्या कोणती, याचा विचार आपल्या दर्शनकारांनीं निराळ्या निमित्तानें केलेला आहे. सांख्यांनीं इंद्रियांस द्वारें म्हटलें व अंतःकरणास त्या द्वारांचा धनी मानिलें. नैयायिक तर सांगतात कीं, मन अणुपरिमाण आहे. तें एका वेळीं एकाच इंद्रियाशीं जोडलें जातें, म्हणूनच पांचहि इंद्रियांचें ज्ञान एकदम होत नाहीं. आपला रोजचा अनुभव असाच आहे. पंगतींत शेजाऱ्याशीं बोलत असतां वाढप्यांची धांवपळ, मुलांचा गलका, उदबत्तीचा वास, पाटाची टोचणी हें सर्व चालू असतें. पण मन त्यांतून एक धागा उचलतें व बाकीचें दाराबाहेर राहतें. या मुलांच्या दारांवर तो पहारा सैल असतो. सर्व पाहुणे एकदम आंत शिरतात, आणि पहिल्याची विचारपूस होण्यापूर्वीं दहावा उंबऱ्यावर येऊन ठाकतो. हें रूपक आमचें आहे, त्यास कोणीं शास्त्र समजूं नये. परंतु आधुनिक वैद्यकाचें म्हणणें याशीं विसंगत नाहीं. लिओ कॅनर यांनीं १९४३ सालीं अमेरिकेंत अकरा मुलांचें बारकाईनें वर्णन करून ही अवस्था वैद्यकाच्या नजरेस आणली. त्या वर्णनांतहि मोठे आवाज व हलणाऱ्या वस्तू यांची मुलांस वाटणारी धास्ती नमूद आहे. पुढें २०१३ सालीं अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनें आपली निदानसंहिता सुधारली, तेव्हां संवेदना अति तीव्र किंवा अति मंद असणें हें लक्षण तींत स्पष्टपणें घालण्यांत आलें.

येथें 'अति मंद' हे शब्द महत्त्वाचे आहेत. शास्त्रांत ज्ञानेंद्रियें पांच. शरीरविज्ञान त्यांत आणखी दोहोंची भर घालतें. एक अंतःकर्णांतील तोलाचें इंद्रिय, दुसरें स्नायू व सांधे यांच्या द्वारां होणारें अंगस्थितीचें भान. जीन एअर्स या अमेरिकन व्यवसायोपचार-तज्ज्ञ बाईंनीं १९७२ सालीं ग्रंथ लिहून या इंद्रियांकडे व मुलांच्या शिकण्याशीं असलेल्या त्यांच्या संबंधाकडे लक्ष वेधलें. कांहीं मुलांचीं हीं इंद्रियें इतकीं मंद असतात कीं, गरगर फिरल्यावांचून त्यांस चैन पडत नाहीं. म्हणून एकच मूल हात वाळविण्याच्या यंत्राच्या आवाजानें थरकांपतें, आणि तेंच मूल फिरत्या पाळण्यांत दहादां बसूं इच्छितें. लोक यास ढोंग म्हणतात. वस्तुतः दोन निरनिराळ्या दारांवरचे पहारे निरनिराळे आहेत इतकेंच. तसेंच हा प्रश्न केवळ स्वमग्न मुलांचा नाहीं. सेरेब्रल पाल्सी असलेल्या पुष्कळ मुलांचें सर्वांग अचानक आवाजानें दचकून ताठ होतें, आणि चाकाच्या खुर्चींत बसलेल्या मुलास तर पाठ फिरवून निघूनहि जातां येत नाहीं. ज्यास लुकलुकत्या प्रकाशानें अपस्माराचे झटके येतात, त्याच्या बाबतींत ही गोष्ट सोयी-गैरसोयीची राहत नाहीं. अशा मुलास डॉक्टरांचा सल्ला घेतल्यावांचून दिव्यांच्या खेळांत नेऊंच नये.

हट्ट आणि हा इंद्रियांचा भार यांतील भेद प्रत्येक घरानें शिकून घ्यावा. हट्टाला कांहीं हवें असतें. हट्टी मूल रडतां रडतां डोळ्याच्या कोपऱ्यांतून पाहतें कीं, आई विरघळली कीं नाहीं. हवी ती वस्तु हातीं आली कीं रडें थांबतें. भारावलेल्या मुलास कांहींच नको असतें, आहे तेंच कमी व्हावें एवढीच त्याची धडपड असते. तें कोणाकडे पाहत नाहीं. त्यास खेळणें द्या, तें फेंकील. रागवा, अधिक ओरडेल. समजूत घाला, तर आपले शब्दहि त्या गोंगाटांतच जमा होतात. अशा वेळीं बोलणें थांबवून आवाज व उजेड यांपासून त्यास दूर नेणें हाच उपाय. कांहीं मुलांस घट्ट मिठी मारलेली बरी वाटते, कांहींस स्पर्शच नकोसा होतो. कोणत्या मुलास काय मानवतें, हें घरींच शांतपणीं पाहून ठेवावें.

तीन वर्षांपूर्वींच्या जुलै महिन्यांत चिरंजीवांच्या मित्रमंडळींसह आम्ही चौदा माणसें तिकडील एका मोठ्या उद्यानांत गेलों होतों. उद्यानाचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. अकराच्या सुमारास, ऊन चढलें असतां, रस्त्याच्या दोन्ही बाजूंस लोक दाटले आणि वाद्यांची मिरवणूक आली. नातू होता तेथेंच खालीं बसला व किंचाळूं लागला. मग त्यानें स्वतःचें मनगट दांतांत धरलें. मंडळींपैकीं एका वडीलधाऱ्या गृहस्थांनीं दोन चपराका देण्याची शिफारस केली. दुसऱ्या बाईंनीं दृष्ट काढण्याविषयीं सुचविलें. उद्यानाचा नोकर रस्ता मोकळा करा म्हणून शिट्टी वाजवूं लागला. तेवढ्यांत चिरंजीवांनीं मुलास उचललें आणि एका बंद नाटकगृहाच्या मागच्या बाजूस आणलें. तेथें सांवली होती, आणि भिंतीमागून कसल्याशा यंत्राची एकसुरी घरघर येत होती. आम्हीं त्याच्याकडे न पाहतां, त्याच्याच चालीवर, हलक्या आवाजांत रामः रामौ रामाः सुरू केलें. चतुर्थीपर्यंत कांहीं फरक पडला नाहीं. दुसऱ्या फेरींत श्वास थोडा संथ झाला. तिसऱ्या फेरींत संबोधनाशीं पोंचलों तेव्हां त्यानें मनगट तोंडांतून काढलें आणि शेवटचें रूप स्वतः म्हटलें. व्याकरणाचा असा उपयोग आमच्या गुरुजींनीं आम्हांस सांगितला नव्हता.

त्या दिवसाचा खरा प्रश्न रात्रीं घरीं आल्यावर निघाला. आमचें कुटुंब म्हणालें, "पुढच्या खेपेला मी त्याला घेऊन घरी राहीन. तुम्ही सगळे जा. त्या पोराचे हाल कशाला?" यांत माया होती, त्यागहि होता. सूनबाई बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "आई, दर वेळी असं घरी ठेवलं तर तो पुढं कुठंच येणार नाही. आणि आपल्यालाही त्याच्या नसण्याची सवय होऊन जाईल." थोरली नात तेव्हां बारा वर्षांची होती. सहा महिने ती त्या दिवसाची वाट पाहत होती, आणि तिचा दिवस मोटारींत बसून गेला होता. तिनें सरळ सांगितलें, "मला त्याच्याशिवाय जायचं नाही. पण असंही जायचं नाही."

मुलास सवय लावावी, ही भाषा आम्हीं जन्मभर ऐकली. मुलाच्या अनुपस्थितीची सवय घरास लागत जाते, हें मात्र त्या रात्रीं सूनबाईंनीं बोलून दाखविलें, आणि त्यांतील सत्य आम्हांस फार लागलें. आज उद्यान, उद्यां लग्न, परवां देवदर्शन. प्रत्येक प्रसंगीं 'त्याला कशाला त्रास' म्हणून मूल व एक बाई मागें ठेवली जाते. दहा वर्षांनीं नातेवाइकांस त्या मुलाचा चेहरा आठवत नाहीं, आणि ती बाईहि चार लोकांत बसण्याचें विसरते. म्हणून नेणें कीं न नेणें हा केवळ एका सहलीचा प्रश्न नाहीं. तो घरांतील त्या मुलाच्या जागेचा प्रश्न आहे.

या बाबतींत तिकडील उद्यानांनीं अलीकडे जें केलें आहे, तें समजून घेण्यासारखें आहे. टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथें गॉर्डन हार्टमन नांवाच्या गृहस्थांनीं २०१० सालीं 'मॉर्गन्स वंडरलँड' हें उद्यान उघडलें. पोहण्याच्या तलावांत इतर मुलांशीं खेळूं पाहणारी आपली दिव्यांग मुलगी, आणि तिच्यापासून दूर सरकलेलीं तीं मुलें, हें दृश्य पाहून आपणांस ही कल्पना सुचली, असें त्यांनीं सांगितलेलें आहे. चाकाच्या खुर्चींतून न उतरतां बसतां येईल असे पाळणे तेथें आहेत, आणि दिव्यांगांस प्रवेशमूल्य नाहीं. डिस्नेच्या उद्यानांत २०१३ पासून अशी सोय आहे कीं, ज्यास रांगेंत उभें राहणें शक्य नाहीं त्यानें आपली वेळ नोंदवावी, तो काळ अन्यत्र शांतपणें घालवावा, व नेमल्या वेळीं यावें. यांत रांग मोडणें नाहीं. थांबणें तितकेंच, जागा मात्र निराळी. २०२४ सालीं या सवलतीचे नियम कडक होऊन ती मुख्यतः स्वमग्नतेसारख्या विकासविषयक अवस्था असलेल्यांपुरती ठेवण्यांत आली, त्यामुळें इतर व्याधि असलेल्या पुष्कळ कुटुंबांनीं नाराजी व्यक्त केली. म्हणून जाण्यापूर्वीं त्या त्या वेळचे नियम पाहून घेणें अवश्य आहे.

पेन्सिल्व्हानियांत लँगहॉर्न येथें सेसमी प्लेस नांवाचें लहान मुलांचें उद्यान १९८० पासून आहे. दूरचित्रवाणीवरील 'सेसमी स्ट्रीट' या प्रसिद्ध बालकार्यक्रमांतील बाहुल्यांचें तें गांव होय. त्या कार्यक्रमांत २०१७ सालीं ज्यूलिया नांवाची स्वमग्न मुलीची बाहुली आली, आणि २०१८ सालीं स्वमग्न मुलांसाठीं प्रमाणित केंद्र म्हणून मान्यता मिळविणारें जगांतील पहिलें थीम पार्क हेंच ठरलें. अशा मान्यतेसाठीं पाहुण्यांशीं संबंध येणाऱ्या नोकरांपैकीं निदान ८० टक्के लोकांस या मुलांविषयीं शिक्षण द्यावें लागतें. तेथें शांत खोल्या आहेत, त्यांतील उजेड कमीजास्त करतां येतो. मिरवणूक दुरून पाहण्याची जागा वेगळी राखलेली आहे. परंतु आम्हांस सर्वांत आवडलें तें त्यांचें कोष्टक. प्रत्येक खेळासमोर स्पर्श, रस, शब्द, गंध व रूप या पांचांचे एक ते दहा असे गुण दिलेले. अमुक खेळांत आवाज किती, अंगास झोंबणारें किती, हें घरीं बसून वाचतां यावें. पंचविषयांचें असें गुणपत्रक आम्हीं यापूर्वीं पाहिलें नव्हतें.

चिरंजीवांच्या घरापासून तें उद्यान मोटारीनें तासाभराच्या आंतच आहे. गेल्या वर्षीं जूनमध्यें, शाळा सुटण्यापूर्वींच्या एका मंगळवारीं, आम्ही तेथें गेलों. जन्मभर हजेरीपट सांभाळलेल्या आम्हांस मुलांची शाळा बुडविणें जड गेलें. परंतु सुटीच्या दिवशींची गर्दी टाळण्यास दुसरा मार्ग नव्हता. तयारी तीन आठवडे आधीं सुरू झाली होती. सूनबाईंनीं उद्यानाचीं छायाचित्रें क्रमानें चिकटवून एक लहान पुस्तक केलें : ही आपली मोटार, हें दार, हा घोड्यांचा पाळणा, ही शांत खोली, ही पुन्हां आपली मोटार. अमेरिकेंतील कॅरोल ग्रे या शिक्षिकेनें १९९० च्या सुमारास या तऱ्हेच्या गोष्टी रचण्याची पद्धत बसविली, व ती आतां सर्वत्र चालते. नातू तें पुस्तक रोज रात्रीं वाचून घेई. कानांवर घालण्याचे आवाजरोधक हेडफोन आधीं घरीं, मग बाजारांत, असे सवयीचे केले. कारण ऐन वेळीं डोक्यावर चढविलेली नवी वस्तु हाच एक नवा त्रास होतो. असल्या साधनानें साधारण वीस-पंचवीस डेसिबल आवाज कमी होतो. ऐकण्यास हा आंकडा लहान वाटतो. परंतु डेसिबलचें गणित असें आहे कीं, दर दहांमागें आवाजाची शक्ति दसपट बदलते. वीस कमी झाले म्हणजे कानापर्यंत शंभरावा हिस्साच पोंचला.

त्या दिवशींची योजना तीन खेळांची होती. त्यांतले दोन झाले. दार उघडतांच आंत शिरलों, तेव्हां गर्दी नव्हती. घोड्यांच्या पाळण्यावर तो तीनदां बसला. मग अर्धा तास शांत खोलींत आडवा पडून राहिला. दहीभाताचा डबा त्यानें मोटारींत जाऊन खाल्ला, कारण उपाहारगृहांतील वास त्यास सहन होईना. मिरवणूक दुरून पाहिली. मध्येंच एका कानावरचें झांकण क्षणभर उचलून त्यानें आवाज चाखून पाहिला आणि पुन्हां ठेवून दिलें. इकडे थोरली नात आपल्या वडिलांबरोबर लाकडी रूळांवरच्या गाडींत मनसोक्त बसून आली. पाऊण वाजतां नातू म्हणाला, "घरी." तिकिटें दिवसभराचीं होतीं आणि तीं स्वस्त नव्हतीं. चिरंजीवांच्या तोंडून "आणखी एकच" असे शब्द निघाले, पण सूनबाईंनीं मोटारीची किल्ली हातांत घेतली होती. ठरल्याप्रमाणें त्या मुलास घेऊन आमच्यासह निघाल्या. बापलेक दुसऱ्या मोटारीनें संध्याकाळीं आलीं. पुढच्या आठवड्यांत स्वयंपाकघरांतील फळ्यावर, जेथें नातवाच्या दिवसाचीं चित्रें क्रमानें लावतात, तेथें त्या उद्यानाचें चित्र शनिवारच्या घरांत लावलेलें दिसलें. तें कोणीं लावलें, हें विचारण्याची गरज नव्हती.

या अनुभवांतून व वाचनांतून जें हातीं लागलें, तें थोडक्यांत सांगतों. जागा आधीं दाखवावी, निदान चित्रांत. गर्दीचा दिवस व गर्दीची वेळ टाळावी. पहिल्या अर्ध्या तासांत विसाव्याची एक जागा हेरून मुलास दाखवून ठेवावी, आणि भार असह्य होण्यापूर्वींच, घड्याळ पाहून, तेथें न्यावें. किंचाळी फुटल्यावर विसावा म्हणजे घर पेटल्यावर विहीर खणणें. ओळखीचें खाणें, ओळखीचें पांघरूण, टोपी व काळा चष्मा जवळ असूं द्यावा. मुलाच्या मनगटास घरचा दूरध्वनिक्रमांक बांधावा, कारण भेदरलेलें मूल धांवत सुटतें व नांव सांगूं शकत नाहीं. जाण्यापूर्वीं 'पुरे' यासाठीं एक शब्द किंवा खूण ठरवावी, आणि ती खूण झाली कीं तर्कवाद न करतां निघावें. एकदां जरी ती खूण मोडली, तरी मुलाचा तिच्यावरचा विश्वास उडतो, आणि मग त्यास ओरडण्यावांचून दुसरी भाषा उरत नाहीं.

आमच्या वाचकांचीं घरें बहुधा भरलेलीं असतात. त्यांस या कामीं एक मोठी अनुकूलता व एक मोठी अडचण आहे. अनुकूलता ही कीं, हात पुष्कळ. एकानें मुलाबरोबर निघून जावें, दुसऱ्यानें बाकीच्या मुलांची हौस पुरवावी, आणि ही वांटणी घरूनच ठरवून निघावें, म्हणजे बहिणीचा दिवस भावामुळें बुडाला असें होत नाहीं व आईच प्रत्येक वेळीं बाहेरच्या बाकावर बसली असेंहि होत नाहीं. आजोबांस तर हें काम फार सोयीचें. आम्हांस तरी उंच पाळण्यापेक्षां बांकच मानवतो. अडचण ही कीं, तोंडेंहि पुष्कळ. मूल खालीं बसलें कीं काका समजावितो, आत्या दटावते, आजी पाणी पुढें करते, चुलतभाऊ हंसवूं पाहतो. प्रत्येकजण मदतच करतो आणि भारांत भर घालतो. म्हणून घरांत असा नेम करावा कीं, त्या घडीस एकानेंच जवळ राहावें, व त्यानेंहि शक्यतों बोलूं नये. इतरांनीं भोंवतालीं कोंडाळें न करतां थोडें दूर उभें राहून बघ्यांस आडोसा करावा. वडीलधाऱ्यांस गप्प राहण्यास सांगणें कठीण, हें आम्ही जाणतों. म्हणूनच एका वडीलधाऱ्यानें तें लिहिलेलें बरें.

कोणी म्हणेल, हें सर्व अमेरिकेंतील झालें, आमच्या गांवीं थीम पार्क कोठें आहे? परंतु गजबजाट आपल्याकडे कमी आहे काय? लग्नांतील बँड, विसर्जनाच्या मिरवणुकींतील ढोलताशे, दिवाळीचे फटाके, यात्रेंतील गर्दी, हीं आमचीं घरचींच क्रीडोद्यानें आहेत, आणि तेथें नेलेलें मूलहि त्याच रीतीनें कान दाबून बसतें. चित्रांचें पुस्तक, कानांवरचें आवरण, विसाव्याची खोली, निघण्याची खूण, यांतील कांहींच परदेशीं नाहीं. ज्या कार्यालयांत दोनशें माणसांच्या पंगतीची सोय होते, तेथें एक खोली, एक जाड पडदा व एक चटई यांची सोय होण्यास अडचण नसावी. ती मागण्यास मात्र कोणीतरी तोंड उघडलें पाहिजे. आपल्या देशांत २०१६ सालीं झालेल्या दिव्यांगांच्या हक्कांविषयींच्या कायद्यानें एकवीस प्रकारचीं अपंगत्वें मान्य केलीं आहेत, व त्यांत स्वमग्नतेचा स्पष्ट उल्लेख आहे. १९९५ च्या जुन्या कायद्यांत तो नव्हता. तेव्हां अशी सोय मागणाऱ्या आईबापांनीं संकोच बाळगूं नये, आणि देणारानेंहि ती भिक्षा समजूं नये.

इंद्रियांचा भार हळूहळू पेलावयास शिकतां येत नाहीं काय, असें कांहीं वाचक विचारतील. पुष्कळ मुलांस थोडाफार शिकतां येतो. पण तो दाबून, कोंडून, भर मिरवणुकींत उभें करून नव्हे. अक्षर गिरवितांना बोट धरावें लागतें, आणि हात दुखूं लागला कीं पाटी बाजूस ठेवावी लागते, हें प्रत्येक शिक्षकास ठाऊक आहे. सुखानें घालविलेले दोन तास हें पुढच्या अडीच तासांचें बी असतें; ओढूनताणून घालविलेला दिवस पुढच्या सर्व दिवसांचें दार लावतो. येत्या सुटींत असें मूल घेऊन जे कोणी बाहेर पडतील, त्यांनीं प्रवेशद्वाराशीं पोंचल्यावर प्रथम बाहेर पडण्याची वाट कोठें आहे तें विचारून घ्यावें, व ती मुलास दाखवावी. वाट ठाऊक झाली म्हणजे मग आंत जाण्यास हरकत नाहीं.